शेजारच्या आसनावरील जबाबदारी

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त एका तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर जिल्ह्याच्या माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



रस्ता सुरक्षेच्या व्याख्यानात वेगमर्यादा, हेल्मेट, सिग्नल यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. ते बोलणे आवश्यकच आहे, आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते उत्तम रीतीने केले आहे. मी आज एका अशा गोष्टीविषयी बोलणार आहे, की जिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. परंतु या सभागृहातील जवळजवळ प्रत्येक कुटुंबावर तिचा प्रसंग येऊन गेला आहे किंवा लवकरच यावयाचा आहे. घरातील मुलगा अठरा वर्षांचा होतो, मुलगी नोकरीला लागते, सून म्हणते की मलाही गाडी चालविता आली पाहिजे. मग रविवारच्या सकाळी वडील, काका, दीर किंवा शेजारचे एखादे गृहस्थ चालकाशेजारी बसून धडे देऊ लागतात. ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच आहे, की त्या सकाळी काही विपरीत घडले, तर आपण दरवर्षी ज्याचा हप्ता भरतो तो विमा उपयोगी पडेल काय?

उत्तर आरंभीच सांगून टाकतो. होय, पडेल. शिकाऊ माणसासाठी निराळा विमा काढावा लागत नाही, जादा हप्ताही भरावा लागत नाही. परंतु हे संरक्षण काही अटींवर अवलंबून आहे, आणि त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची अट शिकणाऱ्याने नव्हे, तर शिकविणाऱ्याने पाळावयाची आहे. माझ्या आजच्या बोलण्याचे सार हेच आहे.

मी कायद्याचा पदवीधर नाही. भाषेचा विद्यार्थी आहे. परंतु विमापत्र हाही शेवटी एक मजकूरच असतो, आणि मजकूर वाचण्यासाठी असतो. आपण मात्र तो कपाटात ठेवतो आणि अपघात झाल्यावर प्रथमच उघडतो.

विमा वाहनाचा, अट चालकाची

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीच्या मार्गाने आला. त्याच्या मुळाशी भय या अर्थाचा 'बीम' हा शब्द आहे, असे मानतात. मोटार विम्यापुरते बोलायचे तर हे भय प्रामुख्याने दुसऱ्याचे आहे, म्हणजे रस्त्याने चालणाऱ्या माणसाचे. त्याला कोणाच्या वाहनाची धडक बसेल हे ठाऊक नसते, आणि ज्याची धडक बसली त्याची ऐपत भरपाई देण्याइतकी असेलच असे नाही. म्हणून १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात सक्तीच्या विम्याची तरतूद करण्यात आली, आणि १ जुलै १९४६ पासून ती अंमलात आली. १ जुलै १९८९ पासून त्या कायद्याची जागा मोटार वाहन अधिनियम, १९८८ याने घेतली. त्याच्या कलम १४६ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा असल्यावाचून सार्वजनिक जागी वाहन वापरता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा नियम मोडणाऱ्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुन्हा तसेच घडल्यास ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

विमा वाहनाचा असतो हे खरे. परंतु प्रत्येक विमापत्रात 'चालक' या शीर्षकाखाली एक छोटा परिच्छेद असतो. खाजगी मोटारींच्या रूढ विमापत्रात त्याचा आशय असा असतो: विमेदार किंवा अन्य कोणीही वाहन चालवू शकेल, मात्र चालविणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी अंमलात असलेली अनुज्ञप्ती हवी आणि ती धारण करण्यास तो अपात्र ठरविलेला नसावा. पुढे म्हटलेले असते, की शिकाऊ अनुज्ञप्ती धारण करणारी व्यक्तीही वाहन चालवू शकेल, परंतु तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम ३ चे पालन केलेले असले पाहिजे.

म्हणजे विमा कंपनीने आपली अट स्वतंत्रपणे रचलेली नाही. तिने शासनाच्या नियमाकडे बोट दाखविले आहे. तो नियम पाळला तर विमा आहे, मोडला तर वादाला जागा आहे. म्हणून नियम ३ समजून घेणे क्रमप्राप्त ठरते.

नियम ३ : तीन अटी

पहिली अट अनुज्ञप्तीची. शिकणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाची, मुदत न संपलेली शिकाऊ अनुज्ञप्ती पाहिजे. यालाच आपण बोलीत कच्चे लायसन्स म्हणतो. तिची मुदत ६ महिन्यांची असते, आणि ती मिळाल्यापासून किमान ३० दिवस लोटल्यावर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. पुष्कळांचे असे होते, की शिकण्याचा उत्साह पहिल्या महिन्यातच ओसरतो, मध्ये परीक्षा येतात, पावसाळा येतो, आणि सातव्या महिन्यात पुन्हा गाडी बाहेर काढली जाते. त्या दिवशी खिशातील कागदाला कायद्याच्या दृष्टीने काही अर्थ उरलेला नसतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका प्रकरणात चालकाच्या शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत अपघातापूर्वीच संपली होती, आणि विमा कंपनी जबाबदारीतून मुक्त झाली. काही आठवड्यांच्या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे यावरून ध्यानी येईल.

दुसरी अट सोबत्याची. शिकणाऱ्याबरोबर असा शिक्षक असला पाहिजे, की ज्याच्यापाशी ते वाहन चालविण्याची अंमलात असलेली अनुज्ञप्ती आहे, आणि जो वाहनावर नियंत्रण ठेवता येईल किंवा ते थांबविता येईल अशा जागी बसलेला आहे. या एका वाक्यातील प्रत्येक शब्द तोलून घेण्याजोगा आहे. काकांकडे स्कूटरचे लायसन्स आहे म्हणून ते मोटारीचे शिक्षक ठरत नाहीत. वडिलांच्या लायसन्सची मुदत गेल्या वर्षी संपली असेल, तर पंचवीस वर्षांचा त्यांचा अनुभव या कामी उपयोगी पडत नाही. मागच्या आसनावर बसून सूचना देणाऱ्याचा हात हँडब्रेकपर्यंत पोहोचत नाही. आणि मैदानाच्या कडेला झाडाखाली उभे राहून "शाबास, आता वळव" असे म्हणणारा तर केवळ प्रेक्षक होय.

शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा आता आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरबसल्या देता येते. ही सोय चांगली आहे, परंतु तिने एक गैरसमजही वाढविला आहे. अनुज्ञप्ती हाती आली म्हणजे एकट्याने गाडी काढावयास हरकत नाही, असे मुलांना वाटू लागते. शिकाऊ अनुज्ञप्ती ही एकट्याची नव्हे. शेजारचे आसन रिकामे असेल, तर ती अपुरी असते.

तिसरी अट खुणेची. वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात इंग्रजी 'एल' हे अक्षर असले पाहिजे. त्याचे मापही नियमात दिलेले आहे. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षराची उंची किमान १० सेंटीमीटर, जाडी २ सेंटीमीटर आणि तळाची रुंदी ९ सेंटीमीटर. चार आण्यांच्या कागदावर ते काढता येईल. तरीही ते लावण्यास अनेकांना संकोच वाटतो. आपण शिकत आहोत हे चारचौघांना कळेल, याचा हा संकोच. वास्तविक ते कळावे हाच त्या अक्षराचा हेतू आहे. मागून येणारा ट्रकचालक ते पाहून अंतर ठेवतो, हॉर्न वाजविण्याआधी क्षणभर थांबतो.

मोटारसायकल शिकणाऱ्यासाठी नियमात आणखी एक पोटअट आहे. शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणासही मागे बसविता येत नाही. मित्राला मागे घेऊन महाविद्यालयात येणारा शिकाऊ विद्यार्थी नियम ३ च्या बाहेर गेलेला असतो.

"आम्ही तर मैदानातच शिकतो"

येथे कोणी म्हणेल, की आम्ही रस्त्यावर जातच नाही; शाळेच्या मैदानात, बाजार समितीच्या मोकळ्या आवारात किंवा वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर शिकतो. तेथे कायदा कोठून आला? अनुज्ञप्ती आणि विमा या दोन्ही गोष्टींची सक्ती 'सार्वजनिक जागे'पुरती आहे, हे खरे. परंतु सार्वजनिक जागा म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. ऐंशीच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने या शब्दाचा व्यापक अर्थ लावला. जागा खाजगी मालकीची असली, तरी जेथे लोकांना मुक्तपणे किंवा परवानगीने प्रवेश आहे, ती विम्याच्या प्रयोजनासाठी सार्वजनिक जागा होय, असे त्या निकालाचे तात्पर्य आहे. बाजार समितीच्या आवारात शेतकरी येतात, मैदानात मुले खेळतात, वसाहतीत दूधवाला येतो. ती माणसेच या कायद्याच्या डोळ्यांपुढे आहेत.

मैदानात शिकू नये असे मी म्हणत नाही. नवशिक्याने प्रथम मोकळ्या जागीच हात बसवावा. परंतु नियम ३ मैदानाच्या फाटकापाशी सोडून आत जाऊ नये.

विमा कोणाला पावतो?

आता विम्याच्या पोटात शिरू. सर्वसाधारणपणे आपल्यासमोर दोन प्रकारची विमापत्रे असतात. एक केवळ त्रयस्थाच्या हानीचे, जे कायद्याने सक्तीचे आहे. दुसरे सर्वंकष, ज्यात त्रयस्थाबरोबर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचाही समावेश असतो.

त्रयस्थाचा मृत्यू किंवा शारीरिक इजा यांबाबत कंपनीच्या जबाबदारीस रकमेची कमाल मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई द्यावी लागते. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र रूढ विमापत्रात मर्यादा असते: मोटारीसाठी ७.५ लाख रुपये आणि दुचाकीसाठी १ लाख रुपये. नियम ३ पाळणाऱ्या शिकाऊ चालकाच्या हातून पादचारी जखमी झाला किंवा टपरीची मोडतोड झाली, तर ही जबाबदारी कंपनीची आहे. याविषयी एके काळी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २००४ मध्ये तो मिटविला. शिकाऊ अनुज्ञप्ती हीदेखील कायद्याने दिलेली अनुज्ञप्तीच आहे, आणि ती धारण करणारा चालक वाहन चालवीत होता एवढ्याच कारणाने विमा कंपनीस जबाबदारी टाळता येणार नाही, असे त्या निकालात म्हटले आहे.

परंतु 'त्रयस्थ' कोण, याचा विचार आपण क्वचितच करतो. कंपनी एक पक्ष, विमेदार दुसरा पक्ष, आणि बाहेरचा तो त्रयस्थ. मग गाडीत बसलेले कोण? समजा, एका गृहस्थांची मोटार आहे. त्यांची पुतणी ती शिकत आहे, आणि शेजारी बसून शिकविणारे आहेत पुतणीचे मामा. विमा केवळ त्रयस्थाचा आहे. गाडी झाडावर आदळते, आणि मामा जायबंदी होतात. आपण सहज गृहीत धरतो, की विमा आहे, मामांना भरपाई मिळेल. परंतु खाजगी मोटारीत मोफत बसलेल्या व्यक्तीची जोखीम केवळ त्रयस्थाच्या विम्यात अंतर्भूत होत नाही. दुचाकीवर मागे बसलेल्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच सांगितले आहे. म्हणजे ज्याच्या उपस्थितीमुळे नियमाचे पालन होते आणि रस्त्यावरच्या माणसाला विम्याचे छत्र मिळते, तो शिकविणाराच स्वतः त्या छत्राबाहेर भिजत उभा असतो.

विमापत्र सर्वंकष असेल तर चित्र बदलते. मोटारीतील प्रवासी व दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती यांची जोखीम सर्वंकष विमापत्रात अंतर्भूत आहे, याची आठवण विमा नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये कंपन्यांना परिपत्रकाद्वारे करून दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती भूमिका ग्राह्य धरली. म्हणून माझे पालकांना आग्रहाचे सांगणे असे, की ज्या वर्षी घरातील कोणी गाडी शिकणार असेल, निदान त्या वर्षी तरी विमा सर्वंकष असावा.

येथे आणखी एक सापळा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना त्रयस्थ विमा एकदम ३ वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी ५ वर्षांचा घ्यावा लागतो. परंतु स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपते, तो भाग गळून पडतो, आणि कुटुंबाची समजूत मात्र अशी असते, की गाडी तर अजून विम्याखाली आहे. दोन्ही भागांची अखेरची तारीख निरनिराळी पाहावी.

मालकाच्या वैयक्तिक अपघाताचा १५ लाख रुपयांचा विमा हाही २०१८ पासून लागू झालेला आहे. तो वाहनाच्या नोंदणीकृत मालकासाठी आहे. तोच विमेदार हवा आणि त्याच्याकडे नियमानुसार अनुज्ञप्ती हवी. रूढ विमापत्राच्या शब्दयोजनेनुसार मालक स्वतः शिकत असेल आणि नियम ३ पाळत असेल, तर त्यास हे संरक्षण मिळते. तो सहचालक म्हणून बसला असेल, तरीही मिळते. परंतु आपल्या उदाहरणातील पुतणी मालक नाही आणि मामाही मालक नाहीत. स्वतःच्याच चुकीने जखमी झालेली पुतणी त्रयस्थही ठरत नाही. अशांसाठी जादा हप्ता भरून वैयक्तिक अपघाताचे ऐच्छिक संरक्षण घेता येते. ते घ्यावे, त्यासाठी येणारा खर्च फार नसतो.

आधी भरणा, मागून वसुली

अट मोडली तर काय होते? पुष्कळांना वाटते, की कंपनी पैसे देत नाही आणि प्रकरण तेथेच संपते. प्रत्यक्षात ते तेथून सुरू होते.

जखमी झालेल्या निरपराध माणसाने रिकाम्या हाती परतू नये, हे कायद्याचे धोरण आहे. म्हणून अटीचा भंग सिद्ध झाला, तरी न्यायाधिकरण कंपनीस असा आदेश देऊ शकते, की प्रथम भरपाई अदा करावी आणि मग ती रक्कम विमेदाराकडून वसूल करावी. विमेदाराने आपल्याकडून वाजवी काळजी घेतली होती काय आणि झालेला भंग अपघाताला कारणीभूत ठरण्याइतका मूलभूत होता काय, याचाही न्यायालये विचार करतात. परंतु ज्याने परवाना नसलेल्याच्या हाती जाणूनबुजून किल्ली दिली, त्याच्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. न्यायाधिकरणाच्या निवाड्यातील रक्कम भरली गेली नाही, तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचे प्रमाणपत्र पाठविता येते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. या सभागृहात शेतकरी बांधव मोठ्या संख्येने आहेत. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय आणि तिच्यापायी सातबाऱ्यावर काय येऊ शकते, हे त्यांना मी सांगावयास नको.

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीबाबत तर एवढीही सवलत नाही. त्रयस्थाला दिलेले हे झुकते माप विमेदाराच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्याला लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले. तेथे करारातील शब्द तोच खरा.

वय आणि पालक

सर्वसाधारणपणे १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत मोटार चालविता येत नाही. १६ व्या वर्षी मिळणारी सवलत ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती आहे, आणि अशी वाहने आता विरळाच आढळतात. त्याच्या वरची स्कूटर घेऊन शिकवणीला जाणारा अकरावीतील मुलगा शिकाऊ नव्हे, तर विनापरवाना चालक होय. त्याच्या हातून अपघात झाला, तर २०१९ साली आलेल्या कलम १९९ अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ अनुज्ञप्तीही मिळत नाही. ही शिक्षा कोणतीही विमा कंपनी आपल्या अंगावर घेत नाही. विम्याने पैशाची भरपाई होते. कारावास ज्याचा त्यालाच भोगावा लागतो.

ग्रामीण भागात या संदर्भात ट्रॅक्टरचा वेगळा उल्लेख करावयास हवा. मुलाला मांडीवर घेऊन ट्रॅक्टर चालविणे आणि पुढे त्याच्या हाती सुकाणू देऊन आपण मडगार्डवर बसणे, हे दृश्य आपल्याला कौतुकाचे वाटते. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे. त्यावर चालकाखेरीज दुसऱ्याला बसण्याची जागा सहसा नसते, आणि मडगार्डवर बसलेल्याला कोणत्याही विम्याचा भरवसा धरता येत नाही.

मोबदला घेऊन शिकविणे

आपल्या माणसाला शिकविणे वेगळे आणि पैसे घेऊन शिकविणे वेगळे. खाजगी मोटारीच्या रूढ विमापत्रातून भाड्याने किंवा मोबदल्यासाठी होणारा वापर वगळलेला असतो. आपल्या घरच्या गाडीवर दोन-तीन हजार रुपये घेऊन गल्लीतल्या चार जणांना शिकविणारा सद्गृहस्थ या एका ओळीमुळे अडचणीत येऊ शकतो. मोटार ड्रायव्हिंग स्कूलला प्रादेशिक परिवहन कार्यालयाची स्वतंत्र अनुज्ञप्ती लागते. मोटारसायकली वगळता तिची वाहने केवळ शिकवणीसाठी राखलेली आणि दुहेरी नियंत्रणाची असावी लागतात, म्हणजे शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो. अशा शाळेत नाव घालताना तिची अनुज्ञप्ती, वाहनातील दुहेरी ब्रेक आणि शिकवणीचा वापर नमूद असलेले चालू विमापत्र, या तीन गोष्टी पाहण्यास मागाव्यात. चांगली शाळा त्या आनंदाने दाखविते.

मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या विमापत्रांत आणखी एक मर्यादा असते. माल किंवा प्रवासी नेत असताना शिकाऊ चालकाने ते वाहन चालविलेले चालत नाही. क्लीनरला हात बसावा म्हणून भरलेला टेम्पो त्याच्या हाती देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती बंद झाली पाहिजे.

अपघात घडलाच तर

प्रथम जखमीची व्यवस्था. २०२५ मध्ये केंद्र शासनाने जारी केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास पहिल्या ७ दिवसांत १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात रोख रक्कम न भरता मिळू शकतात. तेव्हा पैशांअभावी थांबू नये. त्यानंतर पोलिसांना खबर द्यावी, आणि विमा कंपनीस लेखी कळवावे: विमापत्राचा क्रमांक, दिवस, वेळ, ठिकाण, जखमींचा तपशील आणि चालकाचे नाव. कलम १३४ ने चालकावर हे कर्तव्यच घातलेले आहे.

या चालकाच्या नावापाशी मी थोडा थांबतो. अपघात होताच पहिला विचार मनात येतो तो आसने बदलण्याचा. मुलगी घाबरलेली असते, मामा म्हणतात, "गाडी मी चालवीत होतो असे सांगू." त्यामागे माया असते, कबूल. परंतु पाहा, नियम ३ पाळलेला असेल, तर मुलगी चालवीत होती हे सत्य सांगूनही विमा लागूच होतो. खोटे सांगितले, तर जेथे भय नव्हते तेथे ते निर्माण होते. साक्षीदार निराळे सांगतात, जखमांच्या जागा निराळे सांगतात, आणि एका असत्यामुळे सरळ दावा वाकडा होतो. नियम पाळण्याचा हा मोठाच लाभ आहे, की त्यामुळे संकटकाळी खरे बोलण्याची सोय राहते.

पहिल्या धड्याआधी

शेवटी, घरी गेल्यावर करण्याजोगे एक काम सांगतो. त्यास अर्धा तासही लागणार नाही. विमापत्र कपाटातून किंवा मोबाईलमधून बाहेर काढावे. त्यातील 'चालक' हा परिच्छेद मोठ्याने वाचावा, आणि शिकणाऱ्यालाच वाचावयास सांगावे. विमा सर्वंकष आहे की केवळ त्रयस्थाचा, आणि त्याच्या प्रत्येक भागाची मुदत केव्हा संपते, ते पाहावे. गाडीतील इतरांसाठी वैयक्तिक अपघाताचे संरक्षण आहे काय, ते तपासावे. शिकणाऱ्याची आणि शिकविणाऱ्याची, अशा दोन्ही अनुज्ञप्त्या शेजारी ठेवून वाहनाचा प्रकार व तारखा जुळवून पाहाव्यात. मग पांढऱ्या कागदावर तांबडे अक्षर काढून पुढे-मागे चिकटवावे. एवढे झाल्यावर किल्ली फिरवावी.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला शिकविण्यासाठी जे कोणी शेजारी बसतील, त्यांचा एक हात सदैव हँडब्रेकजवळ असेल. ते तुमच्या चुकांची जबाबदारी स्वीकारून तेथे बसलेले असतात. त्यांचे लायसन्स चालू आहे ना, आणि त्यांच्या जिवाचा विमा आहे ना, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. गाडी शिकण्याचा तोच पहिला धडा समजावा.